रात्री गोठणारा बेडूक

नमस्कार मंडळी! गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आपल्या सोलापुरात थंडी पडते म्हणजे अशी किती पडते हो? पारा जरा खाली आला की लगेच पेटीतली चादर बाहेर, कानाला मफलर, आणि टपरीवर चहाचा दुसरा कप. आणि आज मी बोलणार आहे शून्याच्या खाली रात्र काढणाऱ्या बेडकांबद्दल, तेही कुठल्या बर्फाळ देशातल्या नाही बरं का, आपल्यासारख्याच उष्ण कटिबंधातल्या.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अँडीज पर्वतात, विलकानोता म्हणून डोंगररांग आहे. आपण विषुववृत्ताच्या वर साधारण साडेसतरा अंशांवर, ती रांग खाली चौदाच्या आसपास, म्हणजे विषुववृत्ताला आपल्यापेक्षा तीच जवळ! पण उंची बघा, आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या जरा वर आणि तिथं बेडूक सापडलेत ५,४०० मीटरच्या आसपास. हिमनद्या वितळून मागं सरकल्या, मागं डबकी राहिली आणि हे पठ्ठे चढत चढत तिथपर्यंत पोचले. हवा एवढी विरळ की दिवसा ऊन भाजून काढतं आणि सूर्य गेला की सगळी ऊब आभाळात उडून जाते. म्हणजे रोज दिवसा उन्हाळा, रोज रात्री हिवाळा.

आता गोठल्यावर बिघडतं काय? आमच्या घरी परवा कोथिंबिरीची जुडी फ्रिजमध्ये पार मागं, बर्फाच्या कप्प्याला चिकटून राहिली. सकाळी काढली तर काडीसारखी कडक, ओट्यावर ठेवली तर थोड्या वेळात काळपट लगदा, आजी म्हणाली आता चटणीच्या पण कामाची नाही. पेशीच्या आत बर्फाचे खडे झाले की पेशी फाटतात, एवढंच कारण.

गोठणं सोसणारा बेडूक बर्फ पेशीच्या बाहेर होऊ देतो, कातडीखाली, स्नायूंच्या मधल्या जागेत. यातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला म्हणजे उत्तर अमेरिकेतला रानबेडूक. त्याच्या अंगातलं ६५ टक्क्यांपर्यंत पाणी गोठतं, श्वास बंद, हृदयसुद्धा बंद! गोठायला लागला की लिव्हर साठवलेल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवणीतल्या पिष्टासारख्या पदार्थाचं, ग्लुकोज म्हणजे साखर करून रक्तात सोडतं. फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली दगड होते पण शेजारची घट्ट सरबताची बाटली नुसती जाडसर होते ना, तसंच, साखर पेशीतलं पाणी धरून ठेवते.

पण त्याला हिवाळ्यात गोठलं की वसंतापर्यंत घाई नाही. अँडीजमधल्याला सकाळी उठायचंय, खायचंय, आणि रात्री परत तेच! माझ्या मते हे काम जास्त अवघड. तिथल्या प्लूरोडेमा मार्मोरॅटम नावाच्या छोट्या, संगमरवरासारख्या डागांच्या बेडकाला थोडा वेळ, थोडं गोठणं सोसतं असं अभ्यासात दिसलंय, आणि वर दिवसाचा कडक ताप पण तोच सोसतो. बाकी सगळा खेळ जागेचा. दगडाखालची ओली माती उघड्या जमिनीएवढी झटकन गार होत नाही, शिवाय पाणी गोठताना स्वतः थोडी उष्णता सोडतं, म्हणून तापमान शून्याच्या जवळ घुटमळत राहतं आणि पहाटेपर्यंत निभावून जातं.

तिथलाच दुसरा, टेल्माटोबियस, या भानगडीतच पडत नाही, तो पाण्यात बसून राहतो. चार डिग्रीचं पाणी सगळ्यात जड, ते तळाला जातं, वर बर्फाची पापडी धरली तरी खाली बेडूक निवांत.

दुःख एवढंच की बेडकांच्या कातडीला लागणारी काइट्रिड बुरशी, जिनं जगभर बेडूक मारलेत, ती पण या उंचीवर पोचलीय. थंडीला साखर आहे, बुरशीला काय करणार?

बरं, आपल्याकडं पहिल्या मोठ्या पावसाला काळ्या रानातून जे बेडूक एकदम बाहेर पडतात, ते चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात कुठं दडून असतात, ते पुढच्या भागात सांगतो. तोवर नमस्कार!