पाहुण्याला बसवायचं कुठं?

नमस्कार, श्रोते हो.

कोकणातल्या घरात माणूस आला की तो बसणार कुठं, हे न बोलता ठरतं. फेरीवाला खळ्यात, ओळखीचा पडवीत, सोयरा थेट माजघरात. परक्या राज्याचा वकील आला की हाच प्रश्न अख्ख्या शहरापुढे येतो.

आपलं राजापूर घ्या. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथं वखार घातली. वखार म्हणजे नुसतं गोदाम नव्हे. माल तिथंच, राहणं तिथंच आणि दरबाराशी बोलणीही तिथूनच. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा याच वखारीतले इंग्रज आपलं निशाण लावून गडावर तोफा डागायला गेले. व्यापारी म्हणून आले होते हो! पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज राजापुरात उतरले. वखार लुटली, वखारवाले कैदेत गेले.

त्या लुटीच्या भरपाईचं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडावर आला, तेव्हाही बोलण्यात तो विषय होताच. गडावर त्याला घर मिळालं, पण राजवाड्यापासून अंतर राखून. मान पुरेपूर, माजघर मात्र नाही.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, तर याचा नियमच सापडतो. टोपीकरांना, म्हणजे युरोपियनांना, वखारीसाठी जागा द्यावीच लागली, तर खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी देऊ नये. राजापुरासारखी आत, सखल जागा पाहून द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. कारण साधं आहे. समुद्रकाठी पक्की इमारत उभी राहिली की तिचा किल्ला व्हायला वेळ लागत नाही, आणि आरमार मदतीला दारातच. राजापूरला यायचं तर जैतापुरापासून खाडीनं आत यावं लागतं. नगररचनेचं असं रोखठोक कलम मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आपण वकिलातींना एक अख्खी वसाहतच काढून दिली, चाणक्यपुरी. रुंद रस्ते, झाडी, लांबलचक कुंपणं. संध्याकाळी शांतिपथावर भेळेची गाडी शोधून दाखवा!

मुंबईत अमेरिकेची वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात होती. अगदी समुद्रकाठी, अमात्यांनी कपाळाला हात लावला असता. व्हिसासाठी माणसं फुटपाथवर रांग लावत, आणि रांग म्हटली की चहावाला आलाच. २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि ती रांगही गेली.

हे हलणं नुसतं जागेच्या अडचणीपायी नव्हतं. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले. त्यानंतर त्यांच्याकडे कायदा झाला, की नवी वकिलात आपल्या कुंपणापासून किमान १०० फूट आत हवी. भर गावात एवढी मोकळी जागा कोण देणार? म्हणून वकिलाती गावाबाहेर सरकल्या. लंडनमधली तर ग्रोव्हनर चौकासारखी मोक्याची जागा सोडून २०१८ मध्ये थेम्सच्या पलीकडे, जुन्या कारखान्यांच्या नाइन एल्म्स भागात गेली. बाजूला तळं केलंय. दिसायला शोभेचं, कामाला खंदकाचं. आणि भोवती आता उंचच उंच इमारती उठल्यात.

म्हणजे पूर्वी अंतर यजमान ठरवायचा, आता पाहुणाच येताना आपलं कुंपण घेऊन येतो.

वेंगुर्ल्याला गेलात तर डचांची वखार जरूर पाहा. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना डचांना हे बंदर फार उपयोगी पडलं होतं. आज पडझड झालीय, भिंतींतून झाडं उगवलीत. पण त्या भिंतींची जाडी हातानं मोजून बघा. मिरी साठवायला एवढी जाड भिंत लागत नाही.