पावती कोणाच्या नावाने?

अध्यक्ष महोदय आणि तालुक्यातील निरनिराळ्या न्यासांचे काम सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

लहान संस्थेने ऑनलाइन देणगीसाठी कोणती सेवा निवडावी, हा विषय मला दिला आहे. सर्वांत कमी टक्के कोण घेते, असे तुमच्यापैकी अनेकांनी आल्याआल्याच विचारले. त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण एका अभ्यासिकेचा कोषाध्यक्ष म्हणून दहा वर्षे हिशेब लिहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, देणगीदाराचे नाव, पत्ता आणि पॅन जी सेवा आपल्यापर्यंत नीट पोहोचवते तीच आपल्या उपयोगाची, आणि टक्क्यांचा विचार त्यानंतरचा.

एका मार्चमध्ये आमच्या पासबुकात २,९२९ रुपये २० पैसे अशी जमा आली. आपल्याकडे लोक ५०१ देतात, १,००१ देतात, पुण्यतिथीला ताटभर फळे आणून वर ५,००० देतात. वीस पैसे कोणी देत नाही. नोंदीपुढे नाव नव्हते, नुसता लांबलचक क्रमांक होता. संध्याकाळभर आकडेमोड केल्यावर उलगडा झाला. तिघांनी प्रत्येकी १,००० रुपये दिले होते, सेवा देणाऱ्या कंपनीने त्यावर दोन टक्के म्हणजे २० रुपये आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे कापून घेतले होते, आणि उरलेले ९७६ रुपये ४० पैसे त्रिवार एकत्र करून आमच्या खात्यात टाकले होते. पैसे कळले, माणसे कळली नाहीत.

जूनमध्ये एक निवृत्त शिक्षिका अभ्यासिकेत आल्या. त्या तिघांपैकी त्या एक होत्या. पिशवीतून त्यांनी मोबाइलवरच्या संदेशाची छापील प्रत काढली आणि प्रमाणपत्र मागितले. मी करसवलतीचे बोलू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “माझी मिळकत तेवढी नाही हो. पण यांच्या स्मरणार्थ दिलेले पैसे तुम्हाला पोहोचले, हे कुठेतरी कागदावर असू दे.” कंपनीकडून नावे मिळवायला आम्हाला पुढे कित्येक आठवडे पत्रव्यवहार करावा लागला, आणि तोवर दरवेळी बाजारात त्या बाई दिसल्या की मला मान खाली घालावी लागे.

पावतीपुस्तक घेऊन आपण दारोदार फिरत होतो तेव्हा “पावती कोणाच्या नावाने फाडू?” हा प्रश्न आपोआपच विचारला जाई, आणि त्यावर लोक क्षणभर थांबून आईचे, वडिलांचे, कधी गेलेल्या मुलाचे नाव सांगत. कार्बनखाली ते नाव दोनदा उमटे, एक प्रत त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे राही. ऑनलाइन सेवेने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

तो केवळ भावनेचा नाही. त्या वेळी लागू असलेल्या आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ८०जी खाली, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता असलेल्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील फॉर्म १०बीडीमध्ये, वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत भरावा लागू लागला. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क पडे, आणि देणगीदाराला द्यायचे १०बीई प्रमाणपत्र त्या विवरणातूनच निघे. आम्हाला त्या तिघांसाठी दुरुस्त विवरण भरावे लागले.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे निवडीचे मुद्दे आता भराभर सांगतो.

महिन्याला वीस-पंचवीस देणग्या येत असतील तर स्वतंत्र सेवा घेऊच नका. बँकेचा यूपीआय क्यूआर कोड आणि त्याच्याजवळ नाव, पत्ता, पॅन विचारणारा साधा अर्ज एवढे पुरते. जानेवारी २०२० पासून थेट बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर व्यापारी शुल्क, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापले जाणारे शुल्क, नाही. त्याहून जास्त देणग्या असतील तरच कार्ड स्वीकारणारी सेवा घ्या, आणि मग दराबरोबर हेही विचारा की प्रत्येक देणगी स्वतंत्र ओळीत, शुल्क वेगळे दाखवून उतरवून घेता येते का. पावती पूर्ण १,००० रुपयांचीच फाडायची, कापलेले शुल्क हा आपला खर्च असतो. दरमहा आपोआप येणाऱ्या देणग्या घेणार असाल तर सेवा बदलताना बहुधा प्रत्येक देणगीदाराची मंजुरी नव्याने घ्यावी लागते, म्हणून हा निर्णय घाईने करू नका.

परदेशातील देणग्यांबद्दल एकच सांगतो. आपल्या गावची मुले अमेरिकेत आहेत आणि ती प्रेमाने पैसे पाठवतात. पण ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले त्यांची देणगी विदेशी अंशदान ठरते, आणि त्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी व २०२० च्या दुरुस्तीनुसार स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. म्हणून ती नोंदणी नसेल तर परदेशी कार्डे बंद ठेवण्याची सोय सेवेत आहे की नाही, हे लेखी विचारून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेले पैसे या अर्थाने विदेशी नव्हेत, त्यामुळे अर्जात नागरिकत्वाचा रकाना हवाच.

करार करण्यापूर्वी आपल्याच विश्वस्तांपैकी तिघांना प्रत्येकी दहा रुपये द्यायला सांगा, त्यातल्या एकाने दिवंगत आईच्या नावाने द्यावेत. पैसे जमा झाले की पासबुक आणि सेवेची यादी शेजारी ठेवून बघा, आणि त्या आईचे नाव यादीत सापडले तरच सही करा.