हेपॅटायटिस सी आणि फॅटी लिव्हर: चरबी जेवणाची की व्हायरसची?

(हातात तपासणीचा कागद, कॅमेऱ्याकडे धरून)

नमस्कार. हा कागद जरा नीट बघा. हा कुणा पेशंटचा नाही, समजावून सांगायला मीच तयार केलेला नमुना आहे. पुरुष, वय 46. उंची पाच फूट सात इंच, वजन 58 किलो. पोट सुटलेलं नाही, साखर नॉर्मल, दारूला हात लावत नाही. एकूण कोलेस्टेरॉल 128, म्हणजे तर कमीच. आणि खाली सोनोग्राफीत काय लिहिलंय? ग्रेड टू फॅटी लिव्हर.

घरी हा कागद दाखवलात तर काय ऐकायला मिळेल, मला पाठ आहे. "वडापाव बंद कर. रोज चाल." सल्ला वाईट नाही. पण हा माणूस आधीच काटकुळा आहे, आणि रक्तात चरबी कमी असताना लिव्हरमध्ये ती साठलीय. मला तरी हे गणित खटकतं. उत्तर शेवटच्या ओळीत आहे: अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह. म्हणजे हेपॅटायटिस सीच्या व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी रक्तात सापडली.

हेपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा व्हायरस. न उकळलेल्या सुया, न तपासलेलं रक्त, डायलिसिस, टॅटूची सुई, एकाच ब्लेडने दाढी, असे त्याचे रस्ते. एका ताटात जेवल्याने तो होत नाही, त्यामुळे घरात कुणाचं पेला-ताट वेगळं करू नका. हा व्हायरस 1989 मध्ये ओळखला गेला. तोवर त्याला धड नावही नव्हतं, 'ए नाही आणि बी नाही' अशी त्याची ओळख होती. ज्यांनी तो शोधला त्या हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे लिव्हरचं दुखणं म्हणजे कावीळ, डोळे पिवळे झाले की माळ घालून ती उतरवायची, असं अजूनही चालतं. इथे बहुतेकांचे डोळे वर्षानुवर्षं पिवळे होतच नाहीत. थोडा थकवा असतो, बस. म्हणून पुष्कळांना हा आजार कळतो तो दुसऱ्याच कशाची तपासणी करताना.

आता चरबीकडे येऊ. जुना हेपॅटायटिस सी असलेल्या साधारण निम्म्या लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी सापडते. का?

लिव्हरला रेल्वेचा मालधक्का समजा. चरबी इथे येते, तिची पोती बांधली जातात आणि ती रक्तात रवाना होतात. व्हायरसला नेमका हाच धक्का हवा असतो. त्याचं 'कोअर' नावाचं प्रोटीन पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर जाऊन चिकटतं आणि तिथेच नव्या व्हायरसची जुळणी होते. शिवाय पोती बांधणाऱ्या यंत्रणेत तो अडथळा आणतो. माल बाहेर जाईना, धक्क्यावर ढीग लागला. बाहेर रक्तात मात्र टंचाई, म्हणून कोलेस्टेरॉल 128. आणि कहर बघा, जी थोडी पोती बाहेर पडतात त्यांच्यात लपून हा पठ्ठ्या स्वतः विनातिकीट प्रवास करतो. रक्तात तो चरबीचा अंगरखा घालूनच फिरतो.

व्हायरसचे प्रकार आहेत, त्यांना जीनोटाइप म्हणतात. चरबी साठवण्यात जीनोटाइप 3 सगळ्यांत पुढे, आणि भारतात सर्वांत जास्त सापडतो तो हाच. या प्रकारात रक्तातला व्हायरस जितका जास्त, तितकी लिव्हरमधली चरबी जास्त. औषधाने व्हायरस गेला की चरबी ओसरते, आणि उपचारानंतर व्हायरस उलटला तर तीही परत येते. ती कुणाची, यावर आणखी पुरावा काय हवा?

जीनोटाइप 1 मध्ये गोष्ट वेगळी. तिथे चरबीचं नातं बहुधा वजनाशी, पोटाच्या घेराशी आणि इन्शुलिन नीट काम न करण्याशी असतं. त्यातही हा व्हायरस इन्शुलिनच्या कामात ढवळाढवळ करतो, म्हणून हेपॅटायटिस सी असलेल्यांना डायबेटिसचा धोका जास्त. आणि जीनोटाइप 3 असलेल्या माणसाचंही पोट सुटलेलं असू शकतं की! मग एकाच लिव्हरमध्ये दोन्ही चरब्या. सोनोग्राफीला त्यातला फरक दिसत नाही.

एवढा बाऊ कशासाठी? कारण व्हायरस आणि चरबी एकत्र आले की लिव्हरवर व्रण लवकर पडतात. व्रण वाढत गेले की सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन बसतं. त्यात दारू म्हणजे आगीत रॉकेल, आणि यात 'फक्त शनिवारी' ही सवलत मी देणार नाही. झाडपाल्याचे काढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

मग करायचं काय? अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस कधीतरी शरीरात शिरला होता, एवढंच कळतं. साधारण 100 पैकी 30 जणांत तो औषधाविना निघून जातो. आत्ता आहे का, हे एचसीव्ही आरएनए तपासणी सांगते. ती पॉझिटिव्ह आली तर व्रण किती आहेत ते फायब्रोस्कॅनवर बघतात. उपचाराआधी हेपॅटायटिस बी तपासून घ्यायचाच, कारण सी जाताना दबलेला बी उसळू शकतो.

औषध म्हणजे गोळ्या. सिरोसिस नसेल तर सहसा सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, 12 आठवडे. 95 टक्क्यांच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. पूर्वीची इंजेक्शनं आणि त्यांचा तो ताप, अंगदुखी आठवून घाबरू नका.

(दुसरा कागद)

हाच नमुना, उपचारानंतरचा. आरएनए नाही. सोनोग्राफी स्वच्छ. पण कोलेस्टेरॉल 128 वरून 190! इथे लोक म्हणतात, गोळ्या बाधल्या. अहो, मालधक्का मोकळा झाला, पोती पुन्हा रवाना व्हायला लागली. आधीचा कमी आकडा हीच व्हायरसची करामत होती. खरी पातळी आता दिसतेय, तेव्हा तिच्याकडे लक्ष द्यायचं ते आतापासून.

आणि चरबी उरलीच असेल तर? मग ती आपली. काहींची तर बरं झाल्यावर भूक सुधारते, वजन वाढतं आणि चरबीही वाढते. वजन जास्त असेल तर 7 ते 10 टक्के उतरवलं की लिव्हर सुधारतं, म्हणजे 80 किलोच्या माणसाने 6 ते 8 किलो. साखरेचा चहा आणि कोल्ड्रिंक आधी कमी करा, तूप त्यानंतर. कॉफी मात्र लिव्हरला मानवते, बिनसाखरेची.

सिरोसिस आधीच झालेला असेल तर व्हायरस गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही. कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.

आणखी एक. अँटी-एचसीव्ही बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते, बहुधा आयुष्यभर. उद्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कुणीतरी तोच कागद नाचवत येईल आणि घरात पुन्हा रडारड होईल. म्हणून आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, आणि दोन झेरॉक्स काढून ठेवा.