हाडांना भार हवा

(नाशिकमधील व्याख्यानाचा संपादित भाग)

गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर नेमाने फेऱ्या मारणाऱ्या मावशी मला विचारतात, "रोज चालते, कॅल्शियमची गोळी चुकवत नाही, तरी डेक्सात टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली कसा?" डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी; तिच्यात टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याहून खाली आला, की हाडं ठिसूळ झाली असं समजतात. प्रश्न अगदी रास्त आहे. चालण्यानं हृदयाला, साखरेला, मनाला फायदा होतो, म्हणून ते सोडू नका. पण हाडाला चालण्याची सवय झालेली असते. सवयीपेक्षा जास्त ताण आला, तरच हाडातल्या पेशी नवं हाड रचायला घेतात. पोहण्यात आणि सायकलिंगमध्ये तर शरीराचा भार पाणी किंवा सीटच घेते.

ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाची एक चाचणी झाली. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या बायका आठवड्यातून 2 दिवस, 30-30 मिनिटं, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चांगली जड वजनं उचलत होत्या. 8 महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता सुमारे 3 टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची मात्र 1 टक्क्याहून जास्त घटली. साठीतल्या बाईनं वजन उचलू नये, ही आपल्याकडची समजूत मला म्हणूनच फार नुकसानीची वाटते.

म्हणून कुणी उद्याच घरातला सिलिंडर उचलू नका! सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यानं करा. मग हातात एकेक किलोचे डंबेल घ्या. दहा-बारा वेळा सहज जमू लागलं की वजन वाढवा. ते वाढवत नेणं हाच यातला खरा भाग आहे. रबरी पट्टा स्नायूंसाठी चांगला. थरथरणारी व्हायब्रेशन प्लेट आणि वजनाचं जाकीट यांची जाहिरात जोरात असते, पुरावा मात्र तोकडा आहे. त्या पैशांत काही महिने चांगला फिजिओथेरपिस्ट लावा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. मणके ठिसूळ असतील तर कमरेतून वाकून पायाचे अंगठे धरू नका. 1984 सालच्या एका लहान अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या 89 टक्के रुग्णांचे मणके नव्यानं दबले. पाठ मागे ताणणाऱ्यांत हे प्रमाण 16 टक्के होतं. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी हे शिक्षकांना जरूर सांगावं.

आता गोळ्या. पाळी गेल्यावर दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते आधी ताटात शोधा. आपल्या पेठ-सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, आहेच: 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय तीळ, दूध, दही. उरलेली तूट गोळीनं भरा, पण एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंतच. त्याहून जास्त नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं. थायरॉईडच्या गोळीत आणि त्यात 4 तासांचं अंतर हवं.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याची असते. ती रोज घेतल्यानं रक्तात कॅल्शियम वाढून किडनी बिघडू शकते. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले की मेडिकलमधून परस्पर आणू नका.

आणि ज्यांचं मनगट किंवा मणका साध्या पडण्यानं मोडलाय, त्यांना यातलं काहीच एकटं पुरणार नाही. त्यांनी हाडांचं औषध सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात विचारावं, आणि ते चालू असेल तर व्यायाम जमतोय म्हणून मधेच बंद करू नये.