लॉक सोडलं की मालकी सोडली?

[काळा पडदा. मधोमध एकच ओळ उमटते: "थ्रेड थांबला."]

थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये इतर कामांच्या बरोबरीने चालणारा कामाचा एक धागा, आणि लॉक म्हणजे सामायिक गोष्टीला हात लावण्याआधी घ्यायचं कुलूप. आता या ओळीतून काय कळलं? थ्रेडचं काम संपलं, की तो कशाची तरी वाट पाहतोय, की लॉक मिळत नाही म्हणून खोळंबलाय? मराठीत या तिन्हीला आपण सहज 'थांबला' म्हणून मोकळे होतो. बोलताना ते खपतं, कारण समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे नक्की काय?" थ्रेडिंग लायब्ररीच्या दस्तऐवजात हीच ओळ आली, तर विचारायला कुणी नसतं. वाचणारा त्याला सुचेल तो अर्थ धरतो आणि कोड लिहितो.

एरवी असा चुकीचा अर्थ फार काळ टिकत नाही. स्ट्रिंग उलटी करणाऱ्या फंक्शनचं वर्णन मोघम असलं, तरी एकदा चालवून बघितलं की उत्तर समोर येतं. थ्रेडच्या बाबतीत या 'चालवून बघू'वर भिस्त ठेवता येत नाही. कोणत्या क्षणी कोणत्या थ्रेडला प्रोसेसर मिळेल, हे आपण ठरवत नाही. चुकीचा कोड आपल्या मशीनवर हजार वेळा बरोबर चालतो आणि ताण वाढल्यावर एका रात्री अडकून बसतो. तेव्हा कोड बरोबर की चूक, हे दस्तऐवजात काय लिहिलंय यावरूनच ठरवावं लागतं. त्यामुळे इथे एकेका शब्दावर भार पडतो.

[पडद्यावर पायथॉनच्या थ्रेडिंग मॉड्यूलचं पान. 'कंडिशन' हा भाग हळूहळू जवळ येतो.]

हे पायथॉनचं 'कंडिशन', म्हणजे एखादी अट पुरी होईपर्यंत थ्रेडला वाट पाहायला लावणारं साधन. एक थ्रेड 'वेट' करतो म्हणजे वाट पाहतो, दुसरा 'नोटिफाय' करतो म्हणजे त्याला जागं करतो. 'वेट' करणारा हातातलं लॉक सोडतो, झोपतो, आणि जागा झाल्यावर तेच लॉक पुन्हा मिळवून मगच पुढे जातो. नवख्याला वाटतं, 'नोटिफाय' केलं की दुसरा थ्रेड लगेच धावू लागेल. तसं होत नाही, आणि हे सांगायला इथे एक टीप दिली आहे. टीप उपयोगी आहे, कळकळीने लिहिलेली आहे. तिचा मथितार्थ असा: नोटिफाय लॉक 'सोडत' नाही, जागा झालेला थ्रेड 'वेट'मधून बाहेर पडेल, तो नोटिफाय करणाऱ्याने लॉकची 'मालकी सोडल्यावर'.

['सोडत' आणि 'मालकी सोडल्यावर' या शब्दांखाली रेघ.]

आता जरा थांबून वाचा. आधी 'सोडणं', लगेच पुढे 'मालकी सोडणं'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

एका प्रकारच्या लॉकपुरत्या खरंच वेगळ्या आहेत. पायथॉनचं 'आरलॉक' एकाच थ्रेडला पुन्हा पुन्हा घेता येतं. तीनदा घेतलं तर तीनदा सोडावं लागतं, आणि मालकी जाते ती तिसऱ्यांदा सोडल्यावर. त्या अर्थाने 'मालकी सोडणं' हा शब्द अगदी नेमका आहे. पण साध्या 'लॉक'ला मालकच नसतो, तसं याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय. एका थ्रेडने घेतलेलं साधं लॉक दुसरा थ्रेड खुशाल सोडू शकतो. आणि कंडिशन या दोन्हीपैकी कुठल्याही लॉकवर बांधता येतं.

मग लिहिणाऱ्याने शब्द मुद्दाम बदलला, की एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा नको म्हणून? मला ठरवता येत नाही. कुठल्याही वाचकाला ठरवता येणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. शाळेत निबंध लिहिताना शिकवतात, तोच शब्द परत परत वापरू नका. ललित लिहिताना ते ठीक. इथे मात्र शब्द बदलला की वाचणारा अर्थही बदललाय असं धरून चालतो, आणि त्याने तसंच धरायला हवं. एका परिच्छेदात लॉक 'सोडलं', 'मोकळं केलं', 'परत दिलं' असं तीन तऱ्हांनी आलं, तर तो तीन क्रिया शोधत बसतो.

[जावाचा थ्रेड डंप. अक्षरं वर सरकतात.]

याच्या उलटा प्रकार म्हणजे एकच शब्द आणि दोन अर्थ. हा थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड कोणत्या अवस्थेत आहे याची यादी. जावाची पाचवी आवृत्ती 2004 साली आली. तिच्यात थ्रेडच्या अवस्थांना अधिकृत नावं मिळाली: रनेबल (चालण्याजोगा), ब्लॉक्ड (अडलेला), वेटिंग (वाट पाहणारा) वगैरे. 'ब्लॉक्ड'ला काटेकोर अर्थ दिला: सिंक्रोनाइज्ड भागात, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला शिरता येणाऱ्या कोडमध्ये, शिरण्यासाठी किंवा वेटनंतर परतण्यासाठी ऑब्जेक्टच्या मॉनिटरवर, म्हणजे त्याच्या लॉकवर, खोळंबलेला थ्रेड, तेवढाच. त्याच आवृत्तीत 'ब्लॉकिंग क्यू' ही थ्रेडमधल्या देवाणघेवाणीची रांग आली. रिकाम्या क्यूमधून काही काढायला गेलेला थ्रेड अडकून राहतो, म्हणून ते नाव. पण डंप काढा आणि बघा: त्या थ्रेडपुढे 'ब्लॉक्ड' नसतं, 'वेटिंग' असतं. सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीतून, डेटा येण्याची वाट बघणारा थ्रेड तर चक्क 'रनेबल' दिसतो. प्रोग्राम अडकलाय म्हणून 'ब्लॉक्ड' शब्द शोधत बसलेल्या माणसाला डंपमध्ये काहीच सापडत नाही, आणि कारण तर तिथेच असतं.

काही शब्दांचं ओझं जुनं आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1974 मध्ये मॉनिटरची कल्पना मांडली, तेव्हा 'सिग्नल' म्हणजे मॉनिटरचा ताबा तत्काळ वाट पाहणाऱ्याच्या हाती देणं. लॅम्पसन आणि रेडेल यांनी 1980 मध्ये मेसा भाषेतला अनुभव लिहिला. तिथे 'नोटिफाय' ही नुसती सूचना होती: अट पुरी झाली असावी, जागा होऊन तपासून घे. म्हणून आजही वेटभोवती एकदाच तपासणारा साधा 'इफ' नाही, पुन्हा पुन्हा तपासणारा 'व्हाइल' लागतो. पॉझिक्स थ्रेड्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाने वागणूक मेसासारखी घेतली आणि नाव मात्र 'सिग्नल'च ठेवलं. त्यात युनिक्समध्ये प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, पाठवायचे सिग्नल आधीपासून होतेच; म्हणजे याच शब्दाचा आणखी एक अर्थ.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. पाठ्यपुस्तकात 'क्रिटिकल सेक्शन' म्हणजे कोडचा तुकडा, विंडोजमध्ये ते लॉकसारखं ऑब्जेक्ट. 'व्होलाटाइल' हा व्हेरिएबलला लावायचा शब्द जावामध्ये एका थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला दिसण्याची हमी देतं, सी प्लस प्लसमध्ये देत नाही.

[पडद्यावर दोन नावं शेजारी: 'नोटिफाय ऑल', एकदा जोडून, एकदा अधोरेषेने.]

सुधारणा होते, पण संथपणे. पायथॉनमध्ये सगळ्या वाट पाहणाऱ्यांना जागं करणाऱ्या एकाच मेथडच्या नावाची अशी दोन रूपं 2008 पासून नांदत होती. जुनी रूपं वापरू नका, असं अधिकृतपणे सांगायला 2021 उजाडलं.

मला वाटतं, लिहिणाऱ्याने आरंभीच क्रियापदं पक्की करावीत. मराठीत लिहायचं तर मी अशी धरेन: लॉक 'घेणं' आणि 'सोडणं'. लॉकसाठी 'खोळंबणं', कंडिशनवर 'वाट पाहणं', काम झालं की 'संपणं'. 'थांबणं' कुठेच नाही. वाक्यं रुक्ष होतील, होऊ देत. आणि वेगळा शब्द खरंच हवा असेल, तिथे तो का आला हे त्याच जागी सांगावं.

[पायथॉनची ती टीप पुन्हा. जुनी अक्षरं पुसट होतात, त्यांच्या जागी नवी येतात. निवेदक सावकाश वाचतो.]

"नोटिफाय लॉक सोडत नाही. नोटिफाय करणारा थ्रेड लॉक सोडतो, त्यानंतर जागा झालेला थ्रेड ते लॉक पुन्हा घेतो, आणि मगच वेटमधून बाहेर पडतो. लॉक आरलॉक असेल, तर ते जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा सोडल्यावरच इथे 'सोडलं' असं म्हटलं आहे."