सात दिवस आधीचा कागद

(जळगावातील एका उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात संध्याकाळी सहाला जळगावात घराबाहेर पडून व्याख्यानाला येणारी माणसं एक तर फार जिज्ञासू असतात, नाही तर त्यांच्या घरचा कूलर बिघडलेला असतो. दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांचं स्वागत. पत्रिकेत विषय छापलाय, 'कपातीच्या काळात विश्वास कसा टिकवावा'. 'टिकवावा' म्हणजे तो आज शिल्लक आहे, असं संयोजकांनी धरून चाललंय. असो. विश्वास परत कसा आणायचा याचे पाच मुद्दे मी लिहून आणलेत, ते शेवटी सांगतो. त्याआधी मला एका वेगळ्याच कागदाबद्दल बोलू द्या.

आणि त्याच्याही आधी एका शब्दाबद्दल. हिंजवडीतला मुलगा फोनवर सांगतो, "पप्पा, आमच्याकडे ले-ऑफ झालं." त्याच आठवड्यात एमआयडीसीतला त्याचा काका सांगतो, "आम्हाला ले-ऑफ दिलाय." घरच्यांना वाटतं, दोघांवर एकच संकट आलं. तसं नाही. काकाचा ले-ऑफ कायद्यातला आहे. कच्चा माल नाही, वीज नाही, ऑर्डर नाही, म्हणून काही दिवस काम देता येत नाही, पण नाव मस्टरवर कायम. पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि वर्षाची सेवा झाली असेल तर मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळतात. त्यासाठी ठरल्या वेळी गेटवर हजेरी लावावी लागते. ती चुकवली तर त्या दिवसाचे पैसे गेले. मुलाचं जे झालं त्याला कायद्यात म्हणतात छाटणी, म्हणजे नोकरी संपली. (इथे जिनिंगवाले बसले असतील तर त्यांनी खूश होऊ नये. हंगामी कारखान्याला ले-ऑफची भरपाई लागू नाही.) शब्दच धूसर ठेवला की व्यवस्थापनाची सोय होते. माणूस 'ले-ऑफ'ची वाट बघत बसतो आणि हातात भलताच कागद पडतो.

आता माझा कागद. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्याच्या कलम २५-जी चं सूत्र साधं होतं, शेवटी आला तो आधी जाईल. त्या-त्या वर्गवारीत. वेगळं करायचं असेल तर मालकाने कारण लिहून ठेवायचं. आणि त्याखालच्या नियमांत एक बारीकशी ओळ होती. ज्या वर्गवारीत छाटणी करायची तिची सेवाज्येष्ठतेची यादी निदान सात दिवस आधी नोटीस बोर्डावर लावायची. नाव, रुजू तारीख, क्रमांक. बस. शेवटी आलेला आधी का जावा, चुणचुणीत पोरगा जातो आणि मस्टरवर झोपणारा राहतो, ही तक्रार मला मान्य आहे. पण यादी लागली की माणूस बोर्डापुढे उभा राहतो, बोट ठेवतो, वरून मोजतो, खालून मोजतो, आणि आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. यादी नसली तर तो चहाच्या टपरीवर विचारतो, "भो, यादीमां मन्हं नाव शे का?" आणि टपरीवर उत्तर द्यायला सगळे तयार असतात. तिथं माहिती नसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या नोव्हेंबरपासून, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून, या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. छाटणीसाठी सरकारची आधी परवानगी लागायची ती शंभर किंवा जास्त कामगार असतील तर, आता तीनशे किंवा जास्त असतील तर. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई, शेवटी आला तो आधी, हे सगळं तिच्यातही आहे. शिवाय छाटणी झालेल्या माणसाच्या खात्यात पंधरा दिवसांचा पगार पुनःकौशल्य निधीतून पंचेचाळीस दिवसांत जमा व्हायचा आहे. बोर्डावरच्या यादीची सवय मात्र जुन्या कायद्यात तरी कुणाला होती? कारण यादी लावावी लागू नये म्हणून एक देशी युक्ती सापडली, ती म्हणजे राजीनामा.

या युक्तीवर मला जरा राग काढू द्या. माणसाला केबिनमध्ये बोलावतात. टेबलावर टाइप केलेला कागद तयार असतो, 'वैयक्तिक कारणास्तव'. खाली पेनही ठेवलेलं असतं, ही काळजी वाखाणण्यासारखी. सांगतात, "सही केली तर हिशोब आठ दिवसांत, रेकॉर्ड स्वच्छ. नाही केली तर बघा बुवा." आता हिशोब करू. सेवा अकरा वर्षं सात महिने, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २२,००० रुपये. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून बारा वर्षं. ग्रॅच्युइटी अशी काढतात: २२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२. येतात सुमारे १,५२,३०० रुपये. ते राजीनामा दिला तरी मिळतात, पाच वर्षं झाली की तो हक्कच. पण छाटणीची भरपाई वेगळी. महिन्याचा अर्धा पगार, ११,००० गुणिले बारा, १,३२,०००. वर नोटीसचा एक महिना, २२,०००. एका सहीवर १,५४,००० रुपये गेले, आणि पुन्हा भरती निघाली तर आधी बोलावण्याचा हक्कही गेला. केबिनमधला माणूस ग्रॅच्युइटीचाच आकडा 'पॅकेज' म्हणून दाखवतो. म्हणजे तुमचीच म्हैस तुम्हाला आहेरात.

हे मागे राहिलेले बघत असतात, हा माझा खरा मुद्दा. त्यांना आकडे पाठ नसतात, पण 'वैयक्तिक कारणास्तव' नऊ जण एकाच मंगळवारी जात नाहीत, एवढं कळतं.

व्यवस्थापनाची बाजूही ऐकू. ते म्हणतात, आधी सांगितलं तर लोक काम टाकतील, चांगले आधी पळतील, मशिनला काही तरी करतील. भीती अगदीच खोटी नाही. पण सांगितलं नाही म्हणून कळत नाही, हा समज खोटा. ओव्हरटाइम बंद होतो. स्टोअरमधून हातमोजे डझनाऐवजी जोडीने मिळू लागतात. दोन रूटच्या बसची एक बस होते. टाइम ऑफिसचा क्लार्क अचानक रुजू तारखा तपासू लागतो. आणि सगळ्यांत आधी ठेकेदाराची पोरं गेटवरूनच परत जातात. साहेब मीटिंगमध्ये म्हणतात, "आपण एकही माणूस कमी केलेला नाही." कागदावर खरं आहे, ती पोरं त्यांच्या मस्टरवर नव्हतीच. पण डबा त्यांच्यासोबत खाल्लेला असतो ना. साहेबांच्या पुढच्या वाक्यावर मग कुणी विश्वास ठेवायचा?

आता तुम्ही म्हणाल, विश्वास गेला तर गेला, माल तर निघतोय. चला, माल बघू. जळगावात पाइपाचं उदाहरण द्यायला परवानगी लागू नये. पीव्हीसी पाइपाची लाइन. माल वितळवणाऱ्या बॅरलचं तापमान १६० ते १९० अंशांच्या दरम्यान, म्हणजे आपल्या भुसावळपेक्षा थोडं जास्त. पाइपाची भिंत कमीत कमी किती जाड हवी ते मानकात ठरलेलं. डाय, म्हणजे पाइपाला आकार देणारा साचा, मधोमध नसेल तर पाइप एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येतो. खरा उपाय म्हणजे सेंटरिंगचे बोल्ट पाव-पाव आटा फिरवायचे, तुकडा कापायचा, गोल फिरवत आठ ठिकाणी जाडी मापायची, पुन्हा बोल्ट. याला दोन माणसं लागतात आणि तोवर निघालेला माल स्क्रॅपमध्ये. सोपा उपाय म्हणजे पाइप ओढणाऱ्या हॉल-ऑफचा वेग किंचित कमी करायचा. सगळाच पाइप जाड होतो, पातळ बाजूही पास होते, रिजेक्शन शून्य.

ज्याला नोकरीची खात्री आहे तो ऑपरेटर बोल्टला हात लावतो. ज्याला वाटतं की स्क्रॅपच्या रजिस्टरवरून यादी बनतेय, तो वेग कमी करतो. शिवाय त्याचा हेल्पर गेल्या महिन्यात 'वैयक्तिक कारणास्तव' गेलेला. धरू, लाइन तासाला ३०० किलो, दिवसाला वीस तास, म्हणजे ६,००० किलो. पाइप तीन टक्के जड निघाला तर रोज १८० किलो माल फुकट गेला, कारण गिऱ्हाईक पैसे मीटरचे देतं. किलोला ८० रुपये धरले तर रोज १४,४०० आणि पंचवीस दिवसांचे ३,६०,०००. वाचवले किती? दोन हेल्परांचे मिळून ३६,०००. आकडे मी सोयीचे घेतलेत असं वाटत असेल तर निम्मे करा, तरी पाचपट. आणि हे पकडायचं कुणी? वजनाचं रजिस्टर तोच ऑपरेटर भरतो, त्यावर सही करणारा सुपरवायझरही रात्री मुलाखतीची तयारी करत असतो. वीज गेली की आणखी गंमत. गरम बॅरलमध्ये अडकलेलं पीव्हीसी करपतं, डाय उघडून साफ करण्यात अख्खी शिफ्ट जाते. हीटर वेळेत बंद करून, वीज येताच माल आधी बाहेर काढून घेणारा जुना माणूसच गेलेला असेल तर?

दुसरी गोष्ट हप्त्यांची. फेसबुकवाल्या मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० लोक काढले आणि चारच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, आणखी १०,००० जाहीर केले. पहिल्या वेळी जे वाचले त्यांनी ते चार महिने काय काम केलं असेल? रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. हरण्या, म्हणजे केळीचा विषाणूचा रोग, आला की झाड दिसताक्षणी मुळासकट उपटायचं, शेताबाहेर नेऊन गाडायचं, दर चार-पाच दिवसांनी सगळा बाग फिरायचा. लोक करतात काय, आज दोन उपटतात, बांधावर टाकतात, पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात. रोग पसरवणारा मावा बांधावरून परत बागेत. (उपमा माणसांना लावताना जपतो. रोग काढलेल्या माणसात नाही, काढण्याच्या पद्धतीत आहे.) ज्याचा हिशोब तीन महिने अडकला तो रोज गेटसमोरच्या टपरीवर उभा असतो, आणि आत जाणारा प्रत्येक जण त्याला विचारून आत जातो.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे' लिहिलंय, पण घड्याळ बघता सातच उरलीत. पाच मुद्दे पळवतो.

पहिला, यादी बोर्डावर लावा, नियमासाठी नाही, तर ती सगळ्यांना दिसते म्हणून. निकष कामगिरीचा असेल तर तो निकष लावा. ठेकेदाराचे किती जाणार तेही त्याच कागदावर. दुसरा, एकदाच करा, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला ते सांगा. 'आता आणखी कपात नाही' हे वाक्य कधीही उच्चारू नका. '३० सप्टेंबरपर्यंत नाही, त्या दिवशी ऑर्डर बुक दाखवू' हे उच्चारा आणि त्या दिवशी खरंच दाखवा, वाईट असलं तरी. तिसरा, जाणाऱ्याचा पैसा आधी. वेतन संहितेत अखेरचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत आहे, ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. तो जो आकडा टपरीवर सांगेल तेच तुमचं परिपत्रक.

चौथा, राहिलेल्यांची कामं कागदावर कमी करा. तिघांचं काम दोघांना देताना कुठलं काम आजपासून करायचं नाही, हे साहेबाने सही करून सांगावं. नाही तर ते दोघं स्वतः ठरवतात, आणि आधी सेंटरिंग सोडतात. पाचवा मुद्दा पगारकपात वरून सुरू करण्याचा होता, त्यावर टाळ्या येतात, म्हणून तो सोडतो.

समोर बसलेल्या कामगार मंडळींना दोनच गोष्टी. केबिनमध्ये सही करायची घाई करू नका. 'वाचून उद्या देतो' म्हणायला कायद्याची आडकाठी नाही. सही करावीच लागली तर 'कंपनीच्या सांगण्यावरून' एवढे शब्द हाताने लिहा आणि कागदाचा फोटो काढा. आणि पीएफ. नोकरी सुटल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर पैसे अडकतात, लोक महिनोन्‌महिने एचआरच्या दारात उभे राहतात. गरज नाही. शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिने थांबा, मग पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', आधारच्या मोबाइलवर ओटीपी, झालं. आधारला जुना नंबर जोडलेला असेल तर तो आजच बदलून घ्या. मागच्या रांगेतल्या भाऊंचा हात केव्हाचा वर आहे, विचारा.