किती फूट?

(दृश्य: आयर्विन पुलाची फूटपट्टी, खाली गढूळ पाणी.)

जुलैचा पाऊस लागला की सांगलीत चौकाचौकात एकच प्रश्न. "किती फूट?" कशाचे, ते सांगावं लागत नाही. 1929 साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. 2005 ला ती 53 च्या वर गेली. 2019 ला 57 च्याही वर.

हा आकडा मी वर्षानुवर्षं छापायला देतोय. आकडा दिला की बातमी झाली, असंच वाटायचं.

(दृश्य: कोयना धरणाचे उघडे दरवाजे.)

'कोयनेतून 50 हजार क्युसेक विसर्ग!' वाचणाऱ्याच्या पोटात गोळा. पण क्युसेक म्हणजे धार, सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. आणि टीएमसी म्हणजे हौदातलं पाणी, एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. कोयनेचा हौद 105 टीएमसीचा. 50 हजाराची धार अख्खा दिवस चालली, तर सव्वाचार टीएमसीच्या थोडं वर पाणी जातं. दरवाजे किती तास उघडे होते, हे आमच्या बातमीत बहुतेक वेळा नसतंच.

ते लिहिलं तरी भागत नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वाटेत पाऊस भर घालतो. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येते. ती फुगलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला जागा उरत नाही. त्यात शहरातले ओत, म्हणजे पाणी वाहून नेणारे नैसर्गिक नाले, बुजवून वर प्लॉट पडलेले. हे सगळं अडीचशे शब्दांत बसवायचं, आणि डेस्कवरून फोन येतो, "थोडक्यात, अलमट्टीमुळेच ना?" अलमट्टी म्हणजे कृष्णेवरचं, खाली कर्नाटकातलं धरण. 2019 च्या पुरानंतरच्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरलं नव्हतं. वाद मात्र अजून चालूच आहे.

(दृश्य: दत्तनगरची गल्ली, भिंतींवर पुराच्या खुणा.)

2019 ला याच भागातून एका बाईंचा फोन आला. "दादा, ते क्युसेक ऱ्हाऊ द्या. आमच्या गल्लीत पाणी कधी येतंय, तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अभियंत्यांना पुलाजवळचे फूट ठाऊक. बाईंना 2005 ला कितव्या पायरीला पाणी लागलं, ते ठाऊक. या दोघांची गाठ घालून देणं माझं काम होतं, आणि मी क्युसेक मोजत बसलो होतो.

मग वाचकांना सांगितलं, पाणी उंबऱ्याला लागलं की फोटो पाठवा, वेळ लिहा. काय काय आलं म्हणून सांगू! जुने फोटो, कोल्हापूरचे फोटो. एकाने लिहिलं, 'कमरेएवढं.' कुणाच्या कमरेएवढं, बाबा? पण एका निवृत्त गुरुजींनी भिंतीवर तासातासाला पेन्सिलीने रेघा ओढलेल्या. त्या वेळा पुलाच्या आकड्यांशी जुळवल्या आणि एक वही सुरू झाली. कुठली गल्ली, कुठली पायरी, पुलाशी किती फूट. सगळं अंदाजे. हा 'अंदाजे' शब्द डेस्क हमखास कापतं; त्यासाठी मी जेवढा भांडलो, तेवढा पगारवाढीसाठीही नाही.

(दृश्य: पहाट, पाऊस, वहीचं उघडं पान.)

नंतरच्या एका पावसाळ्यात पहाटे त्याच बाईंचा फोन.

"दादा, तुळशीच्या कट्ट्याला लागलं बघा. पूल काय म्हणतोय?"

"चाळीस."

"मग लिहून ठेवा. मी म्हशी सोडते."